शिमग्याच्या पालखीत पोलिसाला धक्का, भाच्यावर १३२ लागलंय. पुढे काय?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे आंब्याच्या मोहोरावर नाहीतर होडीच्या इंजिनावर लिहितो, आज घरचा विषय आहे.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या तोंडाशी. नाव देत नाही. आमच्याकडे पालखी आधी वरच्या वाडीत नाचवायची की खालच्या, यावरून तीनेक वर्षं धुसफूस चालू आहे. त्यामुळे यंदा शिमग्याला पोलीस बंदोबस्त होता. रात्री साडेअकराच्या सुमाराला पालखी सहाणेवर (पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर) आली आणि रेटारेटी सुरू झाली. एक हवालदार बुटांसकट सहाणेवर चढला नि पालखीच्या दांड्याला हात घालून पालखी मागे ढकलू लागला. भाचा (वय २३) पालखीखाली होता. "बूट काढा आधी" असं ओरडत त्याने हवालदारांना छातीवर हात लावून मागे लोटलं. ते सहाणेच्या कडेवरून खाली गेले. पडले नाहीत, पण हाताला खरचटलं आणि शर्टाचं बटण तुटलं.

दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला. कलमं: भारतीय न्याय संहिता १३२, १२१(१), ३५२, ३५१(२) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५. भाचा सध्या चिपळूणला मावशीकडे आहे. अजून अटक नाही. पुढच्या महिन्यात त्याला जहाजावर रुजू व्हायचं आहे, पहिलीच बोट. बहीण रडून अर्धी झाली आहे. शिक्षा किती? अटक होणारच का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मालवणी_पेडवो
अरे देवा! पालखी रवली बाजूक आनि झील गेलो चिपळूणाक. खाडीकाठनू, आधी वकील बघा, मगे देवाक गाऱ्हाणा घाला. उलटा करू नकात.

चाकरमानी_डोंबिवली
यात भाच्याची काय चूक? पोलीस बूट घालून सहाणेवर चढतो म्हणजे काय? उलट त्यांच्यावरच धार्मिक भावना दुखावल्याची केस टाका. गावाने एकजूट दाखवून ठाण्यावर मोर्चा न्यायला हवा. आम्ही मुंबईहून दोन गाड्या भरून येतो.

काळा_डगला
मी रत्नागिरीत जिल्हा न्यायालयात वकिली करते. चाकरमानी, तुमच्या दोन गाड्या कृपया डोंबिवलीतच ठेवा. मोर्चा नेलात तर आज एका मुलावर असलेला गुन्हा उद्या चाळीस जणांवर होईल. बेकायदेशीर जमाव जमवल्याचं १८९, दंग्याचं १९१ आणि समान उद्देशाचं १९०. हे १९० लागलं की हात कुणी उचलला हा प्रश्नच मागे पडतो, जमावात असलेला प्रत्येक जण अडकतो.

आता खाडीकाठ, तुमच्या कलमांबद्दल.

१३२ म्हणजे जुन्या दंडसंहितेतलं, लोक अजून ज्याला तीनशे त्रेपन्न म्हणतात ते. सरकारी नोकर कर्तव्य बजावत असताना, किंवा त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी, किंवा त्याने आधी बजावलेल्या कर्तव्याचा राग मनात ठेवून हल्ला करणं वा बळाचा वापर करणं. शेवटचा भाग लोक विसरतात. हवालदाराने सोमवारी चलन फाडलं आणि कुणी गुरुवारी त्याला बाजारात गाठून थोबाडीत मारली, तरी १३२ च. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तुमच्या प्रकरणात खरं जड कलम १२१(१) आहे, जुनं ३३२. त्यात दुखापत लागते. पण कायद्यातली 'दुखापत' म्हणजे फक्त शारीरिक वेदनासुद्धा, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावर 'खरचटल्याची जखम' असं लिहिलेलं असलं तरी पुरतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. हाड मोडलं असतं तर १२१(२) आलं असतं. तिथे किमान एक वर्ष, कमाल दहा, शिवाय दंड, आणि खटला सत्र न्यायालयात. हवालदार सहाणेवरून खाली गेले पण पडले नाहीत, हे तुमचं नशीब.

३५२ शिवीगाळीचं, ३५१(२) धमकीचं. ही दोन जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत असतात. अधिनियमाचं १३५ म्हणजे जिल्ह्यात मनाई आदेश लागू होता, तो मोडला म्हणून.

बुटांचा मुद्दा मला माणूस म्हणून समजतो. पण बचाव म्हणून तो फारसा उभा राहत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क सरकारी नोकराविरुद्ध अगदी तोकडा आहे. तो सद्भावनेने, आपल्या पदाच्या नात्याने काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्याची कृती कायद्याच्या काटेकोर चौकटीत बसत नसली तरी त्याच्यावर हात टाकता येत नाही. बुटांबद्दल तक्रार करता आली असती, दुसऱ्या दिवशी, लेखी. शिक्षा ठरवताना मात्र न्यायाधीश हे कारण ऐकून घेतील.

खाडीकाठ
मॅडम, खूप आभार. नुसत्या 'बूट काढा'वर गुन्हा झाला असता का?

काळा_डगला
नाही. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हे व्याख्येच्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे. शब्दांसोबत मूठ उगारली, अंगावर धावून गेलं, तर शब्दांमुळे त्या हालचालीला हल्ल्याचं रूप येतं. बंगळूरच्या एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रारवजा मजकूर टाकला म्हणून त्यांच्यावर ३५३ लावलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं. पण तुमच्याकडे छातीवर हात आहे. एवढ्या गर्दीत कुणी तरी व्हिडिओ केलाच असेल.

खाडीकाठ
तीन व्हिडिओ आहेत. एक तर गावच्या ग्रुपवर ढोलाच्या आवाजासकट फिरतोय.

काळा_डगला
ते फिरवणं आधी थांबवा. डिलीट मात्र कुणी करू नका. मूळ फोनमध्ये तसंच राहू द्या. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

लालपरी
मी वाहक आहे, एसटीत. दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण या धाग्यावर फिर्यादी कुणीच दिसत नाही.

२०१९ ला वस्तीच्या गाडीवर सुट्या पैशांवरून एका प्रवाशाने माझी कॉलर धरून मला फुटबोर्डवरून खाली ओढलं. तिकिटाचं मशीन रस्त्यावर पडलं, काच फुटली. गाडीत अठरा माणसं होती, साक्षीला दोन आली. मी ३५३ ची फिर्याद दिली. तेव्हा महाराष्ट्रात ते कलम कडक होतं. लोकांना वाटतं, केस टाकली की वाहक सुटला आणि समोरचा मेला. तसं नसतं. मी आजवर सहा वेळा कोर्टाच्या पायऱ्या चढलो आहे. ड्युटी बदलून घ्यायची, दिवसभर बाकावर बसायचं आणि चार वाजता कळतं की आरोपीचा वकील आजारी आहे. त्या माणसाचा मुलगा आता माझ्याच गाडीने कॉलेजला जातो. पास दाखवताना खाली बघतो.

तुमच्या भाच्याचं वाईट वाटतं. पण त्या हवालदारालाही विचारा, रात्री साडेअकराला दोन वाड्यांच्या मधे उभं राहायला काय वाटतं ते.

निवृत्त_बिल्ला
लालपरी, सलाम. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, शिमग्याचे बंदोबस्त तीस-एक केले असतील.

लोकांना वाटतं फिर्याद ठाण्यात बसून रंगवतात. कधी कधी रंगवतात, नाकारत नाही. हात लागला की 'गळा दाबण्याचा प्रयत्न' लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. पण कोर्टात ती फिर्याद कागदांवर टिकते. पहिला कागद बंदोबस्ताचा ड्युटी तक्ता आणि ठाणे दैनंदिनीतली नोंद, म्हणजे तो कर्मचारी त्या वेळी त्या जागी कामावर होता का. सुट्टीवरचा पोलीस स्वतःच्या बांधावरून भावकीशी भांडला तर ते १३२ नव्हे. दुसरा कागद वैद्यकीय दाखला आणि त्यावरची वेळ. तिसरा, शर्टाचा पंचनामा. शर्ट मुद्देमालात जमा होतो, सीलबंद पाकिटात, आणि पंचनाम्यात लिहितात 'खाकी रंगाचा शर्ट, वरून दुसरे बटण तुटलेले, दोरा लोंबत असलेला'. त्या एका दोऱ्यावर उलटतपासणीत अर्धा दिवस जातो.

मानपानाचा वाद असला की सणाआधीच दोन्ही वाड्यांच्या प्रमुखांना गुन्हा होऊ नये म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) १६८ खाली नोटिसा जातात, जुनं १४९. तुमच्या घरी तशी नोटीस आली होती का? भाच्याने ती सही करून घेतली असेल तर कोर्टात ती समोर येणार.

आणि बुटांबद्दल. आम्ही सहाणेपाशी बूट काढून अनवाणी उभे राहायचो, पालखीच्या मिरवणुकीत तर हमखास. नव्या पोरांना कुणी सांगत नाही. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्याला सहाण म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. पोलीस पाटलाने आधी कानात सांगायला हवं होतं, ते त्याचं काम.

खाडीकाठ
नोटीस वडिलांच्या नावे आली होती, भाच्याच्या नाही. पोलीस पाटील वरच्या वाडीतले. त्यांनी कानात काय सांगितलं ते देवच जाणे.

शेवंता_गुहागर
निवृत्त काका, एक विचारते. हे ३५३ महाराष्ट्रात पाच वर्षांचं होतं ना? मग आता दोन कसं? आमच्या तालुक्यात एका ग्रामसेवकाच्या केसमध्ये सगळे पाच वर्षं पाच वर्षं म्हणत होते.

काळा_डगला
शेवंताताई, गोंधळ खरा आहे. मूळ दंडसंहितेत ३५३ ला दोन वर्षं होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून ती पाच केली आणि खटला सत्र न्यायालयात नेला. पुढे आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांची ओरड झाली की तलाठ्याशी आवाज चढवला तरी पाच वर्षांची भीती घालतात. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आणि तिच्यात १३२ ला पुन्हा दोनच वर्षं आहेत, खटला दंडाधिकाऱ्यांपुढे. ३३२ ला मात्र केंद्राच्या जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, ती १२१(१) मध्ये पाच झाली. गुन्हा कोणत्या तारखेला घडला त्यावर कायदा ठरतो. लालपरींची २०१९ ची केस जुन्याच कायद्याने चालणार.

चाकरमानी_डोंबिवली
म्हणजे दोन वर्षं. त्यात पहिलाच गुन्हा. दंड भरून सुटेल की. एवढं काय घाबरायचं?

दर्यावर
चाकरमानी भाऊ, इथे मी बोलतो. जहाजावर सेकंड इंजिनीअर आहे, दाभोळचा. दोन वर्षांच्या शिक्षेला आमच्या धंद्यात कुणी घाबरत नाही. पासपोर्टला घाबरतात.

माझ्याबरोबरच्या एका मुलाची गोष्ट. गावच्या क्रिकेट स्पर्धेत मारामारी, त्यात एक पोलीस मधे पडला, ३५३. जामीन दुसऱ्या दिवशी मिळाला. सगळे म्हणाले, सुटला. दोन वर्षांनी पासपोर्टचं नूतनीकरण आलं आणि पोलीस पडताळणीत 'खटला प्रलंबित' असा शेरा. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) खाली भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच न्यायालयाची परवानगी आणली तर मिळतो, पण कोर्ट सांगेल तेवढ्याच मुदतीचा, आणि आदेशात मुदत नसेल तर एक वर्षाचा. एक वर्षाच्या पासपोर्टावर नऊ महिन्यांचा करार कोण देणार? तो आता वेरावळच्या एका ट्रॉलरवर आहे. चांगला फिटर होता.

आखातात जाणाऱ्यांचंही तेच. तिथे नोकरीला पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. रत्नागिरी आणि रायगडच्या किती घरांची चूल त्या दाखल्यावर पेटते ते मोजून बघा.

खाडीकाठ, त्याचा पासपोर्ट आता वैध आहे ना? किती वर्षं बाकी?

खाडीकाठ
सात वर्षं बाकी.

दर्यावर
मग धीर आहे. पण फॉर्मवर कधीही 'गुन्हा नाही' असं खोटं लिहू देऊ नका. एजंट सांगतात तसं लिहायला. पकडलं गेलं की तो पासपोर्ट कायद्याखालचा स्वतंत्र गुन्हा.

काळा_डगला
दर्यावरांनी नेमकं बोट ठेवलं. एक भर: नुसता गुन्हा नोंदला म्हणजे 'न्यायालयात प्रलंबित' नव्हे. दोषारोपपत्र जाऊन कोर्टाने दखल घेतली की ते सुरू होतं. पण जामिनाच्या अटीत 'परवानगीशिवाय देश सोडू नये' हे आलं तर आधीच अडेल. म्हणून जहाजाची ऑर्डर, करार, रुजू होण्याची तारीख हे सगळं जामीन अर्जाला पहिल्याच दिवशी जोडायचं. नंतर 'साहेब, मला बोटीवर जायचंय' म्हटलं की सरकारी वकील म्हणतात, आरोपी पळून जाणार.

आता अटकेचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी अटक का आवश्यक आहे ते लिहून ठेवायचं असतं. नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. कागदावर हे सगळं आहे. पण स्वतःच्याच माणसाला मार लागला की ठाण्यात नोटिशीचा कागद सापडत नाही, हा माझा एवढ्या वर्षांचा अनुभव. म्हणून चिपळूणला लपवून ठेवू नका. 'फरार' शब्द पडला की जामीन अवघड होतो. अटकपूर्व जामिनाचा अर्ज कलम ४८२ खाली रत्नागिरी सत्र न्यायालयात उद्याच करा. तिथे फेटाळला तर उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन जिल्ह्यांसाठी ते कोल्हापूरला आहे, मुंबईला नाही. आंबा घाट चढला की पोचलात.

अटक झालीच तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी. तपासणीत डॉक्टरांना आणि नंतर न्यायाधीशांना मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मारलं असेल तर मारलं, नसेल तर नाही. कोठडीतल्या मारहाणीबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१०० हा नंबर. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मालवणी_पेडवो
माका एक कळणा नाय. मिटवता येना नाय काय? गावात बसान, नारळ ठेवन, हवालदारांक माफी मागून?

निवृत्त_बिल्ला
माफी जरूर मागा, पण मिटवण्याचा व्यवहार करू नका. हे कलम तडजोडीचं नाही. हवालदार स्वतः म्हणाला 'माझी तक्रार नाही' तरी ठाण्यात कागद मागे जात नाही. फिर्यादी कागदोपत्री तो असला तरी बाजू सरकारची. मधल्या कुणी 'साहेबांशी बोलतो, पन्नास हजार द्या' म्हटलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. नाहीतर लाच देण्याचा गुन्हा वेगळा.

काळा_डगला
बरोबर. गुन्हा रद्द करायचा तर उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली अर्ज, आणि सरकारी नोकरावरच्या हल्ल्यात कोर्ट निव्वळ संमतीवर सहज ऐकत नाही. शेवटी दोषी ठरला तरी पहिला गुन्हा आणि वय पाहून १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. त्या कायद्याचं कलम १२ महत्त्वाचं आहे. त्यामुळे शिक्षेमुळे येणारी अपात्रता त्या माणसाला चिकटत नाही. तोवर पाच-सात वर्षं जातील, ते वेगळं.

खाडीकाठ
मॅडम, एक गोष्ट सांगायची राहिली. ते बटण आमच्या घरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाणेवर पोरांना सापडलं, त्यांनी आईला आणून दिलं. आईने ते देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्यात ठेवलंय. म्हणते, देवाच्या अंगणात पडलेलं, फेकायचं कसं?

काळा_डगला
काकींना सांगा, तिथेच राहू दे. फेकू नका, धुऊ नका, परस्पर ठाण्यातही नेऊ नका. तुमच्या वकिलांना सांगा, ते ठरवतील. सरकार पक्ष 'बटण हस्तगत करायचं आहे' म्हणून कोठडी मागू शकतो. हसू नका, याहून बारीक वस्तूंसाठी मागितलेली मी ऐकली आहे.

खाडीकाठ
(अकरा दिवसांनी)
अपडेट देतो. मधे लिहायला सुचलं नाही.

अर्ज केल्यावर अंतरिम संरक्षण मिळालं, काल अटकपूर्व जामीन कायम झाला. सरकारी वकिलांनी खरंच बटणासाठी कोठडी मागितली. आमच्या वकिलांनी सांगितलं की ते दोन पंचांसमक्ष द्यायला तयार आहोत. न्यायाधीशांनी विचारलं, मग उरलं काय? परवा घरी पंचनामा झाला. करंड्यातून काढलं म्हणून बटणाला कुंकू लागलं होतं. अंमलदाराने पंचनाम्यात 'लाल रंगाचे डाग' असं लिहिलं तेव्हा आई मधे पडली, 'कुंकवाचे' असं घातल्याशिवाय तिने चहा दिला नाही.

अटी अशा: २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार, दर रविवारी ११ ते १ ठाण्यात हजेरी, हवालदारांशी संपर्क नाही, परवानगीशिवाय देशाबाहेर जाणं नाही. करार जोडल्यामुळे परवानगीचा अर्ज करायची मुभा आदेशातच लिहून मिळाली. कंपनीने रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे ढकलली आहे. तोंडी, पण ढकलली.

जामीनदाराला सातबारा न्यायचा होता. आमच्या सातबाऱ्यावर एकोणचाळीस नावं, त्यातली अकरा वारलेली. शेवटी धाकट्या काकांच्या नावावरची घरपट्टी आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला चालला.

चाकरमानी_डोंबिवली
अभिनंदन काका. मोर्चाचं बोललो ते मागे घेतो. पुढच्या शिमग्याला कुठली वाडी आधी?

खाडीकाठ
त्यावर ग्रामसभा लागली आहे, माझ्याकडून आत्ता काही नाही.

पहिल्या रविवारच्या हजेरीला मी सोबत गेलो होतो. हवालदार तिथे नसतील अशी वेळ बघून गेलो, संपर्क नको म्हणून. तरी ते होतेच, हाताला पट्टी नव्हती. वहीत सही करायला भाच्याकडे पेन नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. त्यांनी खिशातलं काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेले.

मालवणी_पेडवो
पेन परत ठेवलास मां?

खाडीकाठ
ठेवलं.